पंचवीस नंबरची खिडकी

डेबियन किंवा उबुंटू चालवणाऱ्या एखाद्या संगणकावर रोज रात्री दोन वाजता बॅकअप घ्यायचं काम लावून ठेवलेलं असतं. महिन्याभराने कुणी सहज लॉग उघडून पाहतं, तर तिथे रोज रात्रीची एक छोटी ओळ दिसते : 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट'. नवशिका ती वाचतो, अर्थ लागत नाही म्हणून पुढे सरकतो. त्या ओळीत मात्र महिन्याभराची हकिगत दडलेली असते. एमटीए म्हणजे मेल ट्रान्सफर एजंट, टपाल पोचवणारा प्रोग्राम. ठरल्या वेळी ठरलेली कामं उरकणाऱ्या 'क्रॉन'ला युनिक्सच्या काळापासून एक सवय आहे. काम चालू असताना जे काही छापलं जाईल, मग ते 'डिस्क भरली' असो की 'फाइल सापडली नाही' असो, ते सगळं पत्रात घालून तो कामाच्या मालकाला धाडतो. संगणकावर टपाल नेणाराच कुणी नसेल, तर ते पत्र टाकून देण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. बॅकअप रोज फसत राहिला, क्रॉन रोज तक्रार लिहीत राहिला, आणि ती तक्रार एकदाही मालकाच्या हाती पडली नाही.

हा टपालवाला आपल्याच संगणकावर नेमणं म्हणजे लोकल मेल सर्व्हर उभा करणं. त्याला डोमेन विकत घ्यावं लागत नाही, भाड्याचा सर्व्हर लागत नाही, बसवून झाल्यावर इंटरनेटही लागत नाही. घरातला जुना लॅपटॉप पुरतो. मेल सर्व्हर शिकू पाहणारे बरेच जण एकदम मोठी उडी घेतात, क्लाउडवर जागा घेतात आणि पहिल्याच दिवशी जीमेलला पत्र पाठवायला जातात. तिथे त्यांना अडवणाऱ्या गोष्टींचा टपाल समजण्याशी फारसा संबंध नसतो. शिकायचं असेल तर सुरुवात एकाच संगणकाच्या चार भिंतींत करावी, हे या प्रकरणाचं ठाम मत आहे.

त्याला इतिहासाचाही आधार आहे, कारण ई-मेलचा जन्मच एका संगणकाच्या आत झाला. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत 'सीटीएसएस' नावाची व्यवस्था होती. अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून एकच मोठा संगणक वाटून वापरत. टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस या दोघांनी तिच्यासाठी 'मेल' ही कमांड लिहिली. एकाने निरोप लिहायचा आणि तो दुसऱ्याच्या 'मेल बॉक्स' नावाच्या फाइलच्या शेवटी जोडला जायचा. पत्र संगणकाबाहेर जायला आणखी सहा वर्षं लागली. १९७१ मध्ये बीबीएन कंपनीच्या रे टॉमलिन्सन यांनी शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पीडीपी-१० संगणकांमध्ये अर्पानेटमार्गे निरोप पाठवला आणि माणसाचं नाव व यंत्राचं नाव वेगळं करण्यासाठी '@' हे चिन्ह निवडलं. फाइलच्या शेवटी निरोप जोडण्याची १९६५ ची रीत लिनक्सवर अजून टिकून आहे. थोड्याच वेळात ती डोळ्यांनी पाहता येईल.

आता प्रत्यक्ष काम. पुढच्या सगळ्या कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. डेबियन आणि उबुंटूवर पहिली कमांड अशी :

सुडो ॲप्ट इन्स्टॉल पोस्टफिक्स मेलयुटिल्स

पोस्टफिक्स हा टपालवाला आणि मेलयुटिल्स म्हणजे पत्रं लिहिण्या-वाचण्याची साधी साधनं. बसवताना मध्येच एक चौकट उघडते आणि सर्व्हर कोणत्या प्रकारचा हवा ते विचारते. 'इंटरनेट साइट', 'सॅटेलाइट सिस्टिम' असे पर्याय असतात. आपल्याला हवा तो 'लोकल ओन्ली'. हा पर्याय घेतला की दोन महत्त्वाच्या गोष्टी आपोआप होतात. सर्व्हर फक्त लूपबॅकवर, म्हणजे संगणकाच्या स्वतःशीच बोलण्याच्या वाटेवर कान देतो, त्यामुळे बाहेरून कुणी त्याच्या दारात येऊ शकत नाही. आणि बाहेरच्या पत्त्यावर लिहिलेलं पत्र तो नेण्याचं नाकारतो. नवशिक्याच्या हातून कितीही चुका झाल्या, तरी त्या घरातच राहतात.

पुढची चौकट 'सिस्टिम मेल नेम' मागते, म्हणजे पत्त्यात '@' नंतर काय यायचं ते. इथे अनेक जण मनाला येईल ते नाव टाकतात, क्वचित दुसऱ्या कुणाच्या मालकीचं डोमेनही. तसं करू नये. 'डॉट टेस्ट'ने संपणारी नावं १९९९ पासून चाचणीसाठी राखून ठेवलेली आहेत आणि ती खऱ्या इंटरनेटवर कुणालाही मिळत नाहीत. तेव्हा 'घर.टेस्ट' असं नाव द्यावं आणि निर्धास्त व्हावं.

टपाल म्हटलं की निदान दोन माणसं हवीत. 'सुडो ॲडयूजर ताई' आणि 'सुडो ॲडयूजर दादा' या दोन कमांडनी दोन खाती उघडावीत. 'सु - ताई' लिहून ताईच्या खात्यात शिरावं आणि 'मेल दादा' एवढंच टाइप करावं. आधी 'सीसी' विचारलं जाईल, तिथे नुसतं एंटर दाबावं. मग विषय विचारला जाईल, तो लिहावा. मग खाली मजकूर लिहावा. लिहून झाल्यावर नव्या ओळीवर येऊन कंट्रोल आणि डी या कळा एकत्र दाबाव्यात. पडद्यावर काहीच घडल्यासारखं वाटत नाही. पण 'एक्झिट' करून दादाच्या खात्यात गेलं आणि नुसतं 'मेल' लिहिलं, की यादीत ताईचं पत्र उभं असतं. १ दाबलं की पत्र उघडतं, क्यू दाबलं की बाहेर पडता येतं.

दादाने ते वाचण्याआधी एक गोष्ट जरूर पाहावी. '/व्हार/मेल/दादा' ही साधी फाइल आहे. 'लेस' या कमांडने ती उघडली की पूर्ण पत्र जसंच्या तसं दिसतं. वर कोणाकडून, केव्हा, कोणत्या क्रमांकाने आलं त्याच्या ओळी, मग एक मोकळी ओळ, मग मजकूर. दुसरं पत्र आलं तर ते याच फाइलच्या शेवटी जोडलं जातं. हीच ती १९६५ ची रीत. मेल वाचून क्यू दाबल्यावर मात्र ही फाइल रिकामी झालेली दिसते आणि पत्र हरवलं म्हणून नवशिका घाबरतो. पत्र हरवलेलं नसतं. वाचून झालेली पत्रं हा प्रोग्राम सार्वजनिक पेटीतून उचलून दादाच्या स्वतःच्या फोल्डरातल्या 'एमबॉक्स' नावाच्या फाइलमध्ये नेऊन ठेवतो.

ताईने कंट्रोल-डी दाबल्यापासून पत्र पेटीत पडेपर्यंत सेकंदाचा छोटासा अंश जातो. तेवढ्यात पत्र पाच-सहा हातांतून जातं, आणि ते तसं का जातं याला एक मोठी गोष्ट कारणीभूत आहे.

१९८० च्या दशकात युनिक्सवरचं बहुतेक टपाल 'सेंडमेल' हा प्रोग्राम वाहत असे. बर्कलेच्या विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी तो लिहिला होता. सेंडमेल अफाट कर्तबगार होता. नाना तऱ्हेच्या जाळ्यांचे नाना तऱ्हेचे पत्ते त्याला कळत. पण तो सगळं काम एकहाती करणारा, भलामोठा प्रोग्राम होता आणि संगणकाचा सर्वाधिकारी 'रूट' याच्या अधिकारात चालायचा. २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला 'वर्म' इंटरनेटवर पसरू लागला. त्याने शोधलेल्या वाटांपैकी एक सेंडमेलमधूनच जात होती. चाचणीसाठी ठेवलेली डीबग सोय अनेक ठिकाणी चालूच राहिली होती. तिच्या आधाराने पत्र घेणाऱ्याच्या नावाच्या जागी कमांड लिहून पाठवता येत असे आणि पलीकडचा संगणक ती निमूटपणे पाळत असे. हजारो संगणक अडकून पडले.

दहा वर्षांनी, डिसेंबर १९९८ मध्ये, वित्से वेनेमा या डच संशोधकाने आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात लिहिलेला नवा मेल सर्व्हर खुला झाला. तोच पोस्टफिक्स. वेनेमा हे सुरक्षिततेच्या क्षेत्रातलं आधीच मोठं नाव होतं. त्यांनी कामाचे तुकडे पाडले. एका कारकुनाच्या हाती सगळ्या किल्ल्या द्यायच्या नाहीत. प्रत्येकाला एकच काम आणि त्या कामापुरताच अधिकार.

ताईचं पत्र आधी 'सेंडमेल' नावाच्या एका लहान प्रोग्रामकडे जातं. नाव जुनं, पण हा पोस्टफिक्सचाच माणूस आहे. चाळीस वर्षांत असंख्य प्रोग्रामांना याच नावाने टपाल द्यायची सवय लागली, म्हणून नाव तसंच ठेवलं. तो पत्र 'मेलड्रॉप' या पेटीत टाकतो. 'पिकअप' ते तिथून उचलतो. 'क्लीनअप' राहिलेल्या ओळी भरतो. तारीख नसेल तर तारीख, ओळख क्रमांक नसेल तर क्रमांक. मग 'क्यू मॅनेजर' रांगेतलं पत्र कुणाच्या हाती द्यायचं ते ठरवतो, आणि गावातल्या गावात टपाल वाटणारा 'लोकल' ते दादाच्या पेटीत टाकतो. या सगळ्यांवर 'मास्टर'ची देखरेख असते. एखाद्या कारकुनाला कुणी फसवलंच, तरी फसवणाऱ्याच्या हाती फार तर त्या एका टेबलावरचे कागद लागतात.

हे वाचून सोडून देऊ नये, पाहावं. दुसरं टर्मिनल उघडून तिथे 'सुडो जर्नलसीटीएल -एफ' चालू ठेवावं आणि पहिल्या टर्मिनलवरून आणखी एक पत्र धाडावं. चार-पाच ओळी भराभर उमटतात. पिकअप, क्लीनअप, क्यू मॅनेजर, लोकल, एकेकाने आपलं नाव घालून नोंद केलेली असते आणि प्रत्येक ओळीत अक्षर-अंकांचा एकच क्रमांक असतो. तो त्या पत्राचा रांगेतला क्रमांक. रजिस्टर्ड पत्राच्या पावतीवर असतो तसा. शेवटच्या काही शब्दांत निकाल असतो : 'स्टेटस=सेंट', पेटीत पोचलं. पुढे कधीही पत्र हरवल्याची तक्रार आली, तर जाणकार माणूस पहिल्यांदा हाच क्रमांक शोधतो. ही एक सवय लागली, तरी मेल सर्व्हर शिकण्याचं निम्मं काम झालं.

आता खिडकी. टपाल कार्यालयात पत्र देण्याची खिडकी ठरलेली असते, तशी दोन सर्व्हरांमधल्या टपालाची खिडकी म्हणजे पोर्ट २५. तिथे जी भाषा चालते तिला एसएमटीपी म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये ती लेखी मांडली. तिचं सौंदर्य असं, की ती माणसालाही बोलता येते. 'टेलनेट लोकलहोस्ट २५' लिहावं. टेलनेट नसेल तर ॲप्टने आणावं. खिडकी उघडते आणि पलीकडून आवाज येतो : '२२०', मागे संगणकाचं नाव आणि 'ईएसएमटीपी पोस्टफिक्स'. २२० म्हणजे बोला, तयार आहे.

आपण म्हणायचं 'हेलो लोकलहोस्ट'. रोमन लिपीत हा 'हेलो' एकाच एलचा आहे, कारण या भाषेतल्या मूळ आज्ञा चार अक्षरांच्या आहेत. उत्तर येतं २५०, ठीक आहे. मग 'मेल फ्रॉम:' आणि कोनी कंसात ताईचा पत्ता. पुन्हा २५०. मग 'आरसीपीटी टू:' आणि दादाचा पत्ता. २५०. इथे एखादं भलतंच नाव घालून पाहावं. सर्व्हर ५५० म्हणतो आणि असा कुणी इथे राहत नाही हे स्पष्ट सांगतो. पाचने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार, चारने सुरू होणारा म्हणजे 'आत्ता जमत नाही, नंतर या'. पुढे 'डेटा' म्हटलं की ३५४ येतो : लिहा, आणि संपल्यावर एका ओळीत फक्त एक पूर्णविराम द्या. हा पूर्णविराम म्हणजे रोमन लिपीतला टिंब. पत्र लिहावं, टिंब द्यावं, '२५० ओके, क्यूड ॲज' असं उत्तर येतं आणि तोच रांगेतला क्रमांक समोर दिसतो. 'क्विट' म्हटलं की २२१ म्हणत खिडकी बंद होते. जगातल्या दोन सर्व्हरांमध्ये पत्र जातं तेव्हाही मुळात हाच संवाद होत असतो. वर कुलूपबंद आवरण आलं, जास्तीच्या सोयी आल्या, सांगाडा हाच राहिला.

या सांगाड्यातला सगळ्यांत मोलाचा धडा 'डेटा' नंतर आहे. तिथे पत्राच्या डोक्यावर 'फ्रॉम:' ही ओळ आपण स्वतः लिहितो. ताईने तिथे स्वतःऐवजी 'आजी' लिहिलं तर? सर्व्हर हरकत घेत नाही. दादाच्या यादीत पत्र आजीच्या नावाने येतं. '/व्हार/मेल/दादा' लेसने उघडून पाहिलं की मात्र वरच्या बाजूला 'रिटर्न-पाथ' ही ओळ सापडते आणि तिथे ताईचा पत्ता असतो. 'मेल फ्रॉम' हे पाकिटावरचं नाव, 'फ्रॉम:' हे आतल्या कागदावरचं. पोस्टमन पाकीट पाहतो, वाचणारा कागद पाहतो, आणि दोन्हींवर एकच नाव असलं पाहिजे असं १९८२ च्या नियमांत कुठेही नव्हतं. बँकेच्या नावाने येणारी बनावट पत्रं याच फटीतून येतात. हा प्रयोग एकदा स्वतःच्या हाताने केलेला माणूस नुसत्या 'फ्रॉम'वर पुन्हा भरवसा ठेवत नाही. घरात, स्वतःच्या दोन खात्यांमध्ये करायचा हा प्रयोग आहे. दुसऱ्याच्या नावाने बाहेर पत्र पाठवणं ही सरळ फसवणूक ठरते.

त्या टिंबाचीही एक गोष्ट आहे. पत्राच्या मजकुरातच एखाद्या ओळीत एकटं टिंब आलं तर पत्र तिथेच तुटायला हवं. तसं होऊ नये म्हणून पाठवणारा प्रोग्राम टिंबाने सुरू होणाऱ्या ओळीला आणखी एक टिंब जोडतो आणि घेणारा ते काढून टाकतो. चाळीस वर्षं हे सुरळीत चाललं. डिसेंबर २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, की 'ओळ संपली' याचा अर्थ सगळे सर्व्हर सारखाच लावत नाहीत. त्या फरकाचा फायदा घेऊन एका पत्राच्या पोटात दुसरं बनावट पत्र लपवून नेता येतं. पोस्टफिक्ससह अनेक सर्व्हरांना तातडीने दुरुस्ती करावी लागली. संगणक अद्ययावत ठेवा, असं वारंवार का सांगतात ते या एका टिंबावरून कळतं.

पत्ते जोडण्याचं काम सोपं आहे. '/ईटीसी/एलियासेस' या फाइलमध्ये 'रूट: ताई' अशी ओळ लिहावी आणि 'सुडो न्यूएलियासेस' चालवावं. रूटच्या नावाचं सगळं टपाल आता ताईकडे येईल. याच फाइलमध्ये 'पोस्टमास्टर' हे नाव आधीपासून असतं, ते पुसू नये. डोमेनचं टपाल घेणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर पोस्टमास्टरच्या नावाचं पत्र स्वीकारलं गेलंच पाहिजे, असा एसएमटीपीचा नियम आहे. काही बिघडलं तर सांगायचं कुणाला, याची ती सोय आहे.

पोस्टफिक्सची मुख्य फाइल '/ईटीसी/पोस्टफिक्स/मेन.सीएफ'. तिच्यात बदल करताना एक खोड लक्षात ठेवावी. ओळीच्या सुरुवातीला चुकून एक मोकळी जागा पडली, तर पोस्टफिक्स ती नवी ओळ मानत नाही, आधीच्या ओळीचाच पुढचा भाग समजतो. मग दोन्ही सेटिंग बिघडतात आणि डोळ्यांना काहीच चुकल्यासारखं दिसत नाही. बदल केल्यावर 'सुडो पोस्टफिक्स चेक', मग 'सुडो पोस्टफिक्स रीलोड'. आणि 'पोस्टकॉन्फ -एन' ही कमांड फाइलमध्ये स्पष्ट लिहिलेली सेटिंगच तेवढी दाखवते. मदत मागताना तिचंच उत्तर सोबत द्यावं.

आणखी एक प्रयोग, आणि शिकवण्यात याच्याइतका उपयोगी दुसरा नाही. 'सुडो पोस्टफिक्स स्टॉप' म्हणून टपाल कार्यालय बंद करावं. ताईच्या खात्यातून दादाला पत्र लिहावं. पत्र स्वीकारलं जातं! 'सुडो मेलक्यू' ही कमांड चालवली तर ती आधी मेल सिस्टिम बंद असल्याचा इशारा देते आणि मग पेटीत पडलेलं पत्र दाखवते. 'सुडो पोस्टफिक्स स्टार्ट' म्हटलं की क्षणात ते दादाकडे पोचतं. समोरचा हजर नसला तरी पत्र थांबून राहतं, हीच ई-मेलची मूळ ताकद. सर्व्हरांमधल्या टपालातही तेच. पलीकडचा सर्व्हर बंद असेल तर पोस्टफिक्स आपणहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि सहसा पाच दिवसांनी हार मानून पत्र परत पाठवतो.

भारतात ई-मेल आलं तेही या रांगेच्या बळावर. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'अर्नेट' प्रकल्पात मुंबईची एनसीएसटी ही संशोधन संस्था, पाच आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था होती. जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यातला टपालाचा दुवा देशातल्या पहिल्या काही दुव्यांपैकी एक. कायमची जोडणी नव्हती. फोन लावून संगणक जोडायचे, साठलेली पत्रं द्यायची, तिकडची घ्यायची आणि फोन ठेवायचा. मधल्या वेळात पत्रं रांगेत बसून राहत. सामान्य माणसाला विदेश संचार निगमचं इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोपर्यंत जुहू आणि पवईतल्या संशोधकांनी कित्येक वर्षं अशीच पत्रं लिहिली होती.

काळ्या पडद्यावर पत्रं वाचणं ज्यांना नकोसं वाटतं त्यांनी 'डव्हकॉट' बसवावा : 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल डव्हकॉट-आयमॅपडी'. फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांनी २००२ मध्ये तो आणला. पोस्टफिक्स पत्र पेटीत टाकतो, डव्हकॉट पेटीची किल्ली दाखवणाऱ्याला पत्र काढून देतो. त्याआधी पत्रं ठेवण्याची पद्धत बदललेली बरी. मेन.सीएफमध्ये 'होम_मेलबॉक्स = मेलडिर/' असं लिहावं. शेवटची तिरपी रेघ विसरू नये, तिच्यावरच सगळं ठरतं. मेलडिर पद्धतीत प्रत्येक पत्राची वेगळी फाइल होते. ती आधी 'टीएमपी' फोल्डरात पूर्ण लिहिली जाते आणि मगच 'न्यू'मध्ये हलवली जाते, त्यामुळे अर्धवट पत्र कुणाच्या नजरेस पडत नाही. डव्हकॉटलाही ही जागा सांगावी लागते. इथे जुनी पुस्तकं घात करतात. २.३ पर्यंतच्या आवृत्त्यांत त्यासाठी 'मेल_लोकेशन' ही एकच ओळ होती, २.४ पासून 'मेल_ड्रायव्हर' आणि 'मेल_पाथ' अशा वेगळ्या ओळी आल्या. आधी आपली आवृत्ती पाहावी, मग लिहावं. त्यानंतर थंडरबर्ड हा पत्रं वाचण्याचा प्रोग्राम उघडून सर्व्हर 'लोकलहोस्ट', येणाऱ्या टपालासाठी पोर्ट १४३, जाणाऱ्यासाठी २५, नाव 'दादा' आणि पासवर्ड दादाच्या खात्याचाच. एवढं दिलं की नेहमीच्या ओळखीच्या इनबॉक्समध्ये घरचं टपाल दिसू लागतं.

'नमस्कार' असा मराठी विषय घालून एखादं पत्र 'मट' या प्रोग्रामातून पाठवावं आणि मेलडिरमधली त्याची फाइल लेसने उघडून पाहावी. विषयाच्या जागी 'नमस्कार' दिसत नाही. तिथे प्रश्नचिन्हं आणि 'यूटीएफ-८' या खुणांच्या मध्ये २८ रोमन अक्षरांची एक अगम्य माळ असते. ती चूक नाही. पत्राच्या डोक्यावरच्या ओळी जुन्या नियमाप्रमाणे फक्त साध्या रोमन खुणांत लिहायच्या असतात. 'नमस्कार'मध्ये संगणकाच्या हिशेबाने सात चिन्हं आहेत : न, म, स, हलन्त, क, काना, र. प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण २१. ते रोमन खुणांत बसवण्याच्या रीतीत दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणून २८. ही सोय १९९२ च्या 'माइम' नियमांनी केली. आपल्याला मराठीत पत्रं लिहिता येतात ती या माळेच्या जोरावर. पुढे २०१२ मध्ये खुद्द पत्ताच देवनागरीत लिहिण्याचे नियम आले, २०१४ मध्ये '.भारत' ही डोमेन देवनागरीत मिळू लागली आणि २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून पोस्टफिक्स असे पत्ते समजू लागला. तरी अनेक संकेतस्थळांचे अर्ज आजही देवनागरी पत्ता चुकीचा ठरवतात. टपालवाला तयार असताना अर्जाच्या चौकटीने आपली लिपी नाकारावी, हे खटकणारं आहे आणि ते बदलायला हवं.

बाहेरच्या जगाशी जोडण्याबद्दल थोडंसंच. घरगुती इंटरनेटवर पोर्ट २५ पुष्कळदा बंद असतं, घरचा आयपी पत्ता बदलत राहतो, मोठ्या क्लाउड कंपन्याही ही खिडकी सुरुवातीला बंद ठेवतात. पाकीट आणि कागद यांच्या त्या फटीवर उपाय म्हणून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या आल्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या संख्येने पत्रं पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या. ताई-दादाच्या घरात यातलं काहीच लागत नाही.

आज रात्री ताईच्या खात्यात 'क्रॉनटॅब -ई' उघडावं आणि रोज सकाळी सहाला 'डीएफ -एच' चालेल अशी एक ओळ लिहावी. डिस्क किती भरली आहे ते सांगणारं पत्र उद्यापासून ताईच्या पेटीत येईल, आणि 'डिस्कार्डिंग आउटपुट'ची नोंद थांबेल. पुढे कधी हे सगळं नकोसं झालं तर 'सुडो ॲप्ट पर्ज पोस्टफिक्स' म्हटलं की टपालवाला आपल्या सेटिंगसह निघून जातो. खात्यांच्या पेट्यांना तो हात लावत नाही. ताईची आणि दादाची पत्रं जागच्या जागी राहतात.